कोणाला उचलून न्यावे लागेल? नाशिकच्या पूरकाळातील नियोजनाचा अनुभव

नाशिकमध्ये गोदावरीचा पूर मोजण्याची लोकमान्य पट्टी म्हणजे रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती होय. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत चढले, अशा शब्दांत पुराची बातमी शहरभर फिरते आणि जुनी माणसे त्याच शब्दांत एका पुराची दुसऱ्याशी तुलना करतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे मोठे पूर याच पट्टीवर स्मरणात राहिले आहेत. ही पट्टी धडधाकट माणसाच्या उपयोगाची आहे, कारण पाणी मारुतीच्या कमरेला लागल्याचे कळल्यानंतरही त्याला दुकानातील माल वरच्या फळीवर टाकून, मुलांना घेऊन, चालत उंचावरच्या भागात जाण्याइतका वेळ मिळतो. जी व्यक्ती लकव्यामुळे अंथरुणाला खिळली आहे, जिला जिना उतरण्यासाठी दोन माणसे लागतात किंवा जिला भोंग्यावरची सूचना ऐकूच येत नाही, तिच्यासाठी मात्र हीच खूण उशिराची ठरते. नदीकाठच्या वस्त्यांत वृद्ध आणि दिव्यांग व्यक्तींच्या सुरक्षिततेचे काम करणाऱ्या आरोग्यसेविका, आशा कार्यकर्त्या आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे सभासद यांना कामाच्या ओघात जी गोष्ट सर्वांत आधी उमगते ती हीच, की धोक्याची पातळी नदीप्रमाणेच माणसाच्या हालचालीच्या क्षमतेवरही ठरते आणि म्हणून एकाच गल्लीत ती प्रत्येक घरासाठी वेगळी असते.

नाशिकच्या पुराचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय या विधानाचा अर्थ पुरता लक्षात येत नाही. शहराच्या वरच्या अंगाला गंगापूर धरण आहे आणि पाणलोट क्षेत्रात, म्हणजे ज्या भूभागावरचा पाऊस वाहून धरणात येतो त्या त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगराळ भागात, जोराचा पाऊस झाला की धरणातून विसर्ग सोडावा लागतो. हा विसर्ग क्युसेक या एककात सांगितला जातो; एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी. धरणातून सोडलेल्या पाण्याची पूर्वसूचना देता येते आणि ती दिलीही जाते. परंतु धरणाच्या खाली पडणारा पाऊस कोणत्याही दरवाजाच्या ताब्यात नसतो, आणि पंचवटीतून वाहणारी वाघाडी किंवा शहराच्या दक्षिण भागातून येऊन टाकळीजवळ गोदावरीला मिळणारी नासर्डी या लहान नद्या धरणाचा विसर्ग वाढण्यापूर्वीच वस्तीत शिरू शकतात. त्यामुळे केवळ गंगापूरच्या आकड्यावर डोळा ठेवून बसलेले कुटुंब वाघाडीच्या काठी फसते. जिल्ह्यात खाली, निफाड तालुक्यातील सायखेडा आणि चांदोरी या गावांत परिस्थिती आणखी वेगळी असते, कारण तिथवर पोहोचेपर्यंत गोदावरीला दारणेचे पाणी येऊन मिळालेले असते आणि पुढे नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यामुळे पात्रातील पाणी तुंबून राहते. तेथे पाणी चढण्याइतकाच ते उतरण्याचा प्रश्नही कठीण असतो आणि म्हणून माणसाला हलवताना त्याची अनेक दिवसांची औषधे व गरजा बरोबर हलवाव्या लागतात.

या कामाला कायद्याचा आधार आहे, हे कार्यकर्त्यांपैकीही अनेकांना उशिरा कळते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या आठव्या कलमाने आपत्तीच्या काळात दिव्यांग व्यक्तींना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळण्याचा हक्क मान्य केला असून, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली काम करणाऱ्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींच्या तपशिलाची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था करावी, असे त्यात स्पष्टपणे म्हटले आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१९ मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा नियम आहे. म्हणजे हक्क, यंत्रणा आणि पैसा या तिन्ही गोष्टी कागदावर उपलब्ध आहेत. अडचण येते ती यादीपाशी.

यादी करायला बसले की पहिला मोह सरकारी प्रमाणपत्रांवरून यादी उतरवून घेण्याचा होतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, वैश्विक ओळखपत्र किंवा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे लाभार्थी अशा नोंदी कार्यालयांत तयार असतात आणि त्यांवरून एका दिवसात प्रभागाची यादी तयार होऊ शकते. पण ही यादी घेऊन प्रत्यक्ष दारोदार गेल्यावर तिचे दोन दोष दिसून येतात. एक म्हणजे तिच्यात असलेल्या अनेकांना बाहेर पडण्यासाठी कोणाच्याही मदतीची गरज नसते. एका डोळ्याने अंध असलेला किंवा पायाला पोलिओ झालेला पण तीनचाकी स्कूटर चालवणारा तरुण इतरांपेक्षा आधी सुरक्षित ठिकाणी पोहोचतो आणि प्रसंगी दुसऱ्यांनाही घेऊन जातो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. गुडघे पूर्णपणे झिजलेल्या सत्तरीच्या बाई, खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले आजोबा, स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारा रुग्ण, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला फुप्फुसांचा रुग्ण, यांपैकी कित्येकांकडे कोणतेच प्रमाणपत्र नसते, कारण त्यांच्या घरच्यांनी त्यांना कधी दिव्यांग मानलेले नसते; ते फक्त म्हातारे किंवा आजारी असतात. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, ही मोठीच सुधारणा आहे, तरीही पुराच्या रात्री उपयोगी पडणारा प्रश्न हा प्रकारांचा नसतो. तो एवढाच असतो की ही व्यक्ती कोणाच्याही मदतीशिवाय घराबाहेर पडून शंभर पावले चालू शकते का, आणि नसेल तर मदतीला कोण येणार आहे.

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही संगणकात नसते, ते उंबरठ्यावर विचारावे लागते. तेथेही पहिले उत्तर बहुधा खरे नसते. मुलगा घरी असतो, असे सांगितले जाते. पुढे विचारल्यावर कळते की मुलगा सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीत काम करतो आणि दुपारी घरात सासू व सहा वर्षांचा नातू यांच्याखेरीज कोणी नसते. म्हणून अनुभवी कार्यकर्त्या दिवसाचे तीन भाग पाडून, सकाळी, दुपारी आणि रात्री घरात कोण असते, असे विचारतात. शेजाऱ्याचे नाव सांगितले गेले तर त्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन, आपले नाव या कामासाठी लिहिले गेले आहे आणि ते आपल्याला मान्य आहे, हे त्याच्या तोंडून ऐकून घेतात. हा भाग वेळखाऊ आणि काहीसा अवघडल्यासारखा वाटणारा आहे, पण यादीची सगळी किंमत त्याच्यातच आहे. ज्या यादीत फक्त गरजू व्यक्तीचे नाव आहे आणि येणाऱ्याचे नाव नाही, ती यादी पुराच्या रात्री निरुपयोगी ठरते. शिवाय अशी यादी वर्षभर टिकत नाही. माणसे दगावतात, भाड्याची घरे बदलतात, गेल्या वर्षी चालणारी व्यक्ती यंदा अंथरुणात असते. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, ती दरवर्षी नव्याने तपासावी लागते. ती भिंतीवर लावण्याची किंवा मोबाइलवरील गटात फिरवण्याची वस्तूही नव्हे, कारण एकट्या राहणाऱ्या वृद्धेचा पत्ता चुकीच्या हातात पडला तर सुरक्षिततेसाठी केलेली यादीच तिच्या असुरक्षिततेचे कारण होईल.

जुन्या नाशिकच्या गावठाणात या कामाला आणखी एक पदर आहे. येथील लाकडी सांगाड्याचे, माती-विटांच्या भिंतींचे वाडे पावसाळ्यात कोसळतात, काझीगढीचा मातीचा कडा दर पावसाळ्यात ढासळतो आणि धोकादायक घरांना रिकामे करण्याच्या नोटिसा दिल्या जातात. या घरांत मागे राहिलेल्यांत वृद्ध भाडेकरूंचे प्रमाण मोठे असते. तरुण पिढी सिडको, इंदिरानगर किंवा नाशिकरोडकडे गेलेली असते. नोटीस मिळूनही ही माणसे का निघत नाहीत, असे बाहेरून पाहणारा विचारतो आणि त्याला तो हट्ट वाटतो. वस्तुस्थिती अशी आहे की पिढ्यानपिढ्यांच्या भाडेकरूला एकदा खोली सोडली की तिच्यावरचा हक्क जाईल ही भीती असते, आणि ती निराधार नसते. सायखेड्याच्या बाजूला हीच गोष्ट गोठ्यातील जनावरांच्या रूपाने पुढे येते; दावणीला बांधलेली गाय सोडून वृद्ध शेतकरी नावेत बसायला तयार होत नाही. समजूत घालण्याच्या शब्दांपेक्षा हक्काचा आणि जनावरांचा प्रश्न सोडवणारी ठोस हमी येथे कामी येते. भाडेकरूचा ताबा कायम असल्याची लेखी पोच आणि जनावरांसाठी उंचावरची जागा आधी ठरलेली असेल, तर माणसाला हलवण्याचे निम्मे काम पाणी येण्यापूर्वीच झालेले असते. या दोन्ही बाबी आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात असायला हव्यात, आणि त्या नसणे ही केवळ तपशिलाची उणीव मानता येणार नाही.

उचलून नेण्याचे काम हे शक्तीपेक्षा रीतीचे आहे, ही गोष्ट सरावाशिवाय कोणाला पटत नाही. वाड्यांतील जिने अरुंद, अंधारे आणि इतके उभे असतात की स्ट्रेचर त्यांतून वळत नाही. तेथे हातांची, मजबूत पायांची खुर्ची अधिक उपयोगी पडते. व्यक्तीला खुर्चीत बसवून, कमरेला व छातीला ओढणीने किंवा चादरीने सैलसर बांधून, खुर्ची थोडी मागे कलवून, तोंड उताराकडे ठेवून एकाने मागून आणि एकाने पुढून धरत जिना उतरायचा असतो. लकवा झालेल्या व्यक्तीला तिच्या लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, कारण त्या बाजूचे स्नायू सैल पडलेले असल्याने खांदा निखळू शकतो. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या व्यक्तीला अनेकदा कमरेखाली संवेदना नसते. तिला फरशीवरून किंवा नावेच्या कडेवरून घासत नेले तर झालेली जखम तिला कळत नाही आणि त्या जखमेचे रूपांतर शय्याव्रणात, म्हणजे एकाच जागी दाब पडून मांस सडवणाऱ्या जखमेत होते, जी भरून यायला महिने लागतात. लघवीची नळी घातलेल्या रुग्णाची पिशवी उचलताना त्याच्या ओटीपोटापेक्षा खाली ठेवावी लागते, अन्यथा लघवी उलटी जाऊन संसर्ग होतो. अंध व्यक्तीला धरून ढकलायचे नसते, आपला कोपर तिच्या हाती द्यायचा असतो. कर्णबधिर व्यक्तीला रात्री जागे करण्यासाठी दिव्याची उघडझाप किंवा खांद्यावर हात हाच भोंगा असतो. यांपैकी कोणतीही गोष्ट कठीण नाही. बचाव पथकातील जवानांना, गल्लीतील तालीम मंडळांच्या मुलांना आणि गणेशोत्सव मंडळांच्या कार्यकर्त्यांना त्या एका दुपारी शिकवता येतात. ज्या मुलांना खुर्ची घेऊन प्रत्यक्ष एकदा जिना उतरायला लावले जाते, त्यांचा धीर पुढे टिकतो; नुसते भाषण ऐकलेली मुले ऐनवेळी गोंधळतात.

बरोबर न्यायची पिशवी हाही असाच साधा वाटणारा विषय आहे. तिच्यात आठवडाभराची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, चष्मा, कवळी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, डायपर आणि ओळखपत्रे असावीत, हे सर्वांना मान्य असते, पण गोळ्या महिन्याच्या हिशेबाने आणल्या जात असल्याने महिनाअखेरीस पूर आला तर पिशवीत ठेवायला काही उरत नाही. म्हणून पावसाळ्याचे चार महिने निदान एक आठवड्याचा साठा पुढे असावा, असा आग्रह धरावा लागतो. इन्सुलिनबाबत घरोघरी मोठी भीती आढळते की फ्रीज बंद पडला म्हणजे औषध वाया गेले. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी उन्हापासून दूर, खोलीच्या सामान्य तापमानात साधारण चार आठवडे टिकते, एवढी माहितीही कुटुंबाला धीर देते. विजेवर चालणाऱ्या यंत्रावर श्वास अवलंबून असणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पुराच्या पाण्यात सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद करावा लागतो, त्यामुळे अशा रुग्णाला पाणी घराजवळ येण्याची वाट न पाहता विसर्ग वाढल्याची पहिली बातमी येताच हलवावे लागते. ऑक्सिजनचा पुरवठा काही मिनिटे थांबला तर काय होते, हे २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील टाकीच्या गळतीने या शहराने पाहिले आहे. त्या दिवशी २२ रुग्ण दगावले.

निवारा केंद्र म्हणून बहुधा महापालिकेच्या शाळा वापरल्या जातात. तेथे छत असते, जेवण येते, सतरंज्या मिळतात. पण जमिनीवर बसून पुन्हा उठता न येणाऱ्या माणसाला सतरंजीचा उपयोग नसतो आणि शाळेतील शौचकूप लहान मुलांच्या मापाचे, उकिडवे बसण्याचे असते. याचा परिणाम आरोग्यसेविकांना दुसऱ्याच दिवशी दिसतो: वृद्ध स्त्रिया शौचाला जावे लागू नये म्हणून पाणी पिणे जवळजवळ थांबवतात, आणि मग लघवीची जळजळ, ताप, चक्कर, रक्तदाब खाली येणे हे सर्व सुरू होते. पुरातून वाचलेली व्यक्ती निवाऱ्यात आजारी पडावी, हे कोणत्याही नियोजनाला शोभणारे नाही, विशेषतः जेव्हा त्यावरचा उपाय चार कमोड खुर्च्या, एक आडपडदा आणि काही लाकडी बाक एवढाच असतो. पाच टक्के निधीचा याहून योग्य विनियोग सुचणे कठीण आहे.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींचा विचार या सगळ्यात सर्वांत मागे पडतो. नाशिकला या क्षेत्रातील कामाची जुनी परंपरा आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले तेव्हा अशा मुलांसाठी शाळा असू शकते हीच कल्पना समाजाला नवी होती. त्या पिढीतील मुले आता प्रौढ झाली आहेत आणि त्यांचे आईवडील सत्तरी-ऐंशीत आहेत. म्हणजे एकाच घरात ज्याला सांभाळायचे तो आणि जो सांभाळतो तो, दोघेही मदतीचे गरजू झाले आहेत, आणि यादीत अशा घराची नोंद एक नव्हे, दोन व्यक्ती म्हणून करावी लागते. अनोळखी गणवेशातील माणसे, आरडाओरडा, अंधार यांमुळे अशी व्यक्ती घाबरून पलंगाखाली शिरते किंवा प्रतिकार करते. तिला ओळखीच्या माणसाने, ओळखीच्या शब्दांत, शक्य तर आधीच्या सरावात पाहिलेल्या वाटेने नेले तर ती सहज येते. आमच्यामागे हिचे काय, हा पालकांचा प्रश्न मृत्युपत्र आणि पालकत्वाच्या संदर्भात विचारला जातो आणि राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या नेतृत्वाखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते, याची माहिती पालकांना द्यायलाच हवी. मात्र आईवडील हयात असतानाच्या एका पावसाळी रात्रीसाठीही हाच प्रश्न विचारावा लागतो.

या सर्व अनुभवाला नाशिकमध्ये आता सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीमुळे तातडीचे कारण मिळाले आहे. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्ट रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २०१५ च्या सिंहस्थात गर्दीवर नियंत्रण ठेवण्यासाठी वाहने शहराबाहेर थांबवून भाविकांना दूरवरून चालत आणले गेले, ज्याची झळ वृद्ध यात्रेकरूंना सर्वाधिक बसली. गर्दीचे नियोजन करताना दोन प्रकारच्या वृद्धांचा विचार व्हायला हवा. एक बाहेरून येणारे, जे थकतात, हरवतात, ज्यांना आपण कोणत्या गाडीने आलो हेही कधी कधी सांगता येत नाही. त्यांच्या खिशात नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असणे हा अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय आहे. दुसरे पंचवटीतच राहणारे, ज्यांच्या दारासमोर अडथळे उभे राहतात आणि ज्यांचे डायलिसिस पर्वणीसाठी थांबत नाही. त्यांना आदल्या दिवशी रुग्णालयाजवळ हलवणे किंवा अडथळ्यांतून रुग्णवाहिकेची राखीव वाट ठेवणे यासाठी पुन्हा तीच घरनिहाय यादी लागते. पुढच्या सिंहस्थातील अमृतस्नाने नाशिकमध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत, म्हणजे भर पावसाळ्यात, जेव्हा गंगापूर धरण भरत आलेले असते. गर्दी आणि विसर्ग एकाच दिवशी येण्याची शक्यता गृहीत धरूनच नियोजन करायला हवे.

महापालिकेच्या सहाही विभागांत आशा कार्यकर्त्या आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, तरुणांची मंडळे आहेत. प्रशासनाने ही यादी करण्याचे काम त्यांच्याकडे रीतसर सोपवावे, त्याचा मोबदला द्यावा आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या गल्लीत एकदा तरी जिना उतरण्याचा सराव करून घ्यावा. आदेश निघेपर्यंत वाचकांनी थांबण्याचे कारण नाही. आपल्या वाड्यात, इमारतीत किंवा गल्लीत कोणाला उचलून न्यावे लागेल, दुपारी त्यांच्याजवळ कोण असते आणि त्यांच्या दाराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, एवढे तीन प्रश्न या आठवड्यात विचारावेत, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर येणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःचे नाव लिहावे.